माझ्यासमोर माय वॉशरूम म्हणते

मी देश सोडून निघाले त्या सकाळी सौंदडच्या फलाटावर निरोपाची शेवटची मिनिटं माझ्या भावजयीनं, रंजूनं नेली. गाडी यायची होती, गोंदियाला ती सोडून पुढे दिल्ली, दिल्लीहून विमान. माय नवं लुगडं नेसून आली होती. घरून निघताना तिनं एकच गोष्ट बजावली होती, "गाडीत पाणी कमी पेजो वं." आमच्याकडच्या मायांना लेक प्रवासाला निघाली की हेच सुचतं. जपून जा, पत्र लिही, हे सगळं पुरुषांनी म्हणायचं. बाईला आधी काय आठवतं, तर वाटेत लागली तर ही जाईल कुठं.

मी मनात ठरवून ठेवलं होतं की गाडी दिसली की तिला एकदा घट्ट धरायचं. आमच्यात तशी रीत नाही, पण इंग्लंडला चाललेल्या नर्सनं एवढं करायला हरकत नसावी. तेवढ्यात मायची चुळबुळ सुरू झाली. मला कळलं. मी म्हटलं, चल, मी येते. तर म्हणाली, "तू थांब, सामान पाय." आणि मागे वळून, "रंजू, चाल वं." दोघी मालधक्क्याच्या मागे गेल्या. गाडी आली, भावानं बॅगा चढवल्या, मी खिडकीशी बसले, आणि पदर सावरत पळत येणारी माय खिडकीपाशी पोचली तेव्हा गाडी हलली होती. नुकत्याच धुतलेल्या ओल्या हातानं तिनं माझी बोटं धरली आणि सोडली. तिच्या मागे रंजू उभी होती, हातात पाण्याची रिकामी बाटली. त्या बाटलीचा मला जो राग आला, तो दिल्लीपर्यंत उतरला नाही.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांना यात रागावण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून सांगते. माझ्या लहानपणी गावात घरोघरी संडास नव्हते. दिवेलागणीला बाया बोडीच्या पलीकडे जायच्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. एकटी बाई कधी जायची नाही. प्रत्येकीची एक ठरलेली जोडीण असायची. एक बसली की दुसरीनं पाठमोरं उभं राहून राखण करायची, कोणी माणूस धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येताना दिसला की खाकरायचं. दारात येऊन नुसतं "येतं का वं?" विचारलं की पुरे. त्यापुढचं बोलायची गरज नसे. या जोड्या गावातल्या सोयरिकींपेक्षा पक्क्या. दोघींचं भांडण झालं तर सगळ्या गावाला कळायचं, कारण संध्याकाळी त्यातली एक दुसऱ्याच कोणाच्या दारात उभी दिसायची.

मला समज आली तेव्हापासून मायची जोडीण मी. घरात बाप, काका, येणारे-जाणारे. माय घरात फार बोलायचीच नाही. जे बोलायची ते तिथं, माझ्याकडे पाठ करून किंवा मी तिच्याकडे पाठ करून उभी असताना. माझ्या आधी तिचं एक लेकरू गेलं होतं, ते मला तिथं कळलं. मला नर्सिंगला पाठवायचं तिनं बापाच्या आधी तिथं ठरवलं. समोरासमोर बसून तिनं मला काही सांगितल्याचं मला आठवत नाही. माझी माय मला सगळी पाठीमागून ऐकू आलेली आहे.

मग मी नागपूरला शिकायला गेले, आणि धाकट्या भावाचं लग्न झालं. रंजू घरात आली. स्वभावानं चांगली, हाताला चपळ, गळा गोड. मलाही आवडली. दिवाळीच्या सुटीत घरी आले, संध्याकाळ झाली, मी सवयीनं उठले, आणि मायनं हाक मारली, "रंजू, चाल वं." मी उभीच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूबी येतं का?" त्या 'बी'नं माझ्या काळजाला घरं पडली. गेले त्यांच्याबरोबर. त्या दोघी पुढे, कालचं अर्धं राहिलेलं काहीतरी बोलत, आणि मी मागे टॉर्च धरून.

पुढे सरकारी योजनेत अंगणात संडास झाला. पत्र्याचं दार, वर सिमेंटचं छप्पर. गावाला आनंद झाला, मलाही झाला, पण माझ्या आनंदाचं कारण निराळं होतं. मला वाटलं, बरं झालं, फुटली आता जोडी. कुठलं काय! मायला आतून कडी लावायची भीती. कडी अडकली आणि मी आतच राहिली तर, असं तिला वाटतं. म्हणून ती दार नुसतं लोटते आणि बाहेर कोणीतरी उभं हवं. कोणीतरी म्हणजे रंजू. दाराच्या आतून माय बोलते, बाहेरून रंजू हुंकार देते. बोडी सुटली, बोलणं सुटलं नाही.

हे सगळं मनात घेऊन मी लीड्सला आले. लग्न केलं नव्हतं, करायचंही राहून गेलं, त्यामुळे माझं सगळं घर म्हणजे मायचं ते अंगण. आणि इथं मला काम काय मिळालं? म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. कागदावर काहीही लिहिलेलं असो, त्यातला निम्मा दिवस म्हाताऱ्या बायांना हाताला धरून संडासात नेणं, बाहेर उभं राहणं, परत आणणं. म्हणजे राखणच.

पण इथल्या बाया त्याचं नाव घेत नाहीत. मरायला टेकलेली बाई, अंगावर हाडं आणि कातडं, पण तोंडातून तो शब्द काढणार नाही. डोरोथी नावाची एक आजी होती, शाळेत शिकवायची कधीकाळी. ती म्हणायची, नाकाला पावडर लावून येते. दुसरी म्हणायची, एक पेनी खर्चून येते. जुन्या काळी इथल्या सार्वजनिक संडासाच्या दाराला नाणं टाकावं लागे म्हणून. कोणी छोट्या मुलींच्या खोलीत जाई, कोणी हात धुवायला, कोणी फ्रेश व्हायला. एक आजोबा दर वेळी सांगायचे की कुत्र्याच्या कामानं एका माणसाला भेटायचं आहे. मी पावडर मागणाऱ्या आजीसाठी पावडरचा डबा घेऊन धावले, असं लिहिलं तर तुम्हाला हसू येईल, पण तसं घडलं नाही. केरळची एक सिनियर होती, तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सगळे शब्द पाठ करून घेतले आणि म्हणाली, या शब्दांना हसायचं नाही, हे यांचे पडदे आहेत.

आपल्याकडे पडदे नाहीत असं नाही. आपणही बाहेर जातो, परसाकडे जातो, शाळेत करंगळी वर करतो. गोंदियाच्या बाजारात कोणालाही विचारा, त्याला बाथरूम लागलेली असते. पण आपल्याकडे हा पडदा परक्यासाठी. आपल्या माणसासमोर माय जे म्हणते ते मी इथं लिहिलं तर छापणारा ते खोडेल. इथल्या लोकांचा पडदा मात्र पोटच्या पोरीसमोरही असतो. डोरोथीची मुलगी रविवारी भेटायला येई. ती असताना डोरोथीला लागली तर ती मला डोळ्यानं खुणावायची आणि मुलीला म्हणायची, डार्लिंग, जरा नाकाला पावडर लावून येते हं. मुलगी हसून मासिक वाचत बसायची. मला तेव्हा त्या मुलीची कीव यायची. कीव करणाऱ्यानं जरा जपून राहावं.

हे सगळे शब्द मी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर गावाला सांगायची. माय आणि रंजू खाटेवर बसून फोन मधे धरायच्या. नवा शब्द सांगितला की माय पदर तोंडाला लावून हसायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला हसवण्यासाठी मी आठवडाभर शब्द जमवायची. ड्यूटीवर कोणी नवीन बोललं की मनात जपून ठेवायची. मग एका रविवारी बोलता बोलता रंजू मायला म्हणाली, "माय, पावडर लावाले चालता का?" आणि दोघी अशा हसल्या की फोन पडला. माझे शब्द. मी ड्यूटीवरून घरी वाहून आणलेले. आणि ते त्या पत्र्याच्या दाराशी रोज या दोघी वापरत होत्या, माझ्याशिवाय. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाही. आता लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. जळफळाट तो जळफळाट.

यंदा मायचे गुडघे पारच गेले. उठताना हात लागतो, बसताना हात लागतो. भावानं फोनवर सांगितलं, आणि खरं बोलायचं तर मला वाईट वाटण्याआधी काहीतरी वेगळंच वाटलं. वाटलं, आता माझी पाळी. हे तर माझं काम, याचाच तर मला पगार मिळतो. साठवलेली सगळी रजा घेऊन ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरी गेले. बॅगेत मायसाठी संडासाच्या भिंतीला बसवायचा दांडा आणि उंच बैठक होती, कपडे दोनच.

पहिल्याच सकाळी मायची चुळबुळ दिसली. मी उठले. माय माझ्याकडे बघून हसली, शाळेत साहेब आल्यावर बाई हसतात तशी, आणि म्हणाली, "थांब हं, मी वॉशरूमले जाऊन येतो."

वॉशरूम! माझी माय. मला वाटलं गंमत करते. पण ती गंमत नव्हती, कारण लगेच चुलीकडे तोंड करून ती ओरडली, "रंजू, धाव वं, मुताले लागली मले!" रंजू पिठाचे हात घेऊन धावली. मी दांडा हातात घेऊन उभी.

असं रोज. माझ्यासमोर वॉशरूम, रंजूसमोर नागडा शब्द. माझ्यासमोर "हं" आणि "बरं", रंजूवर ओरडा. जेवताना मला पाटावर बसवायची, रंजूला म्हणायची, मासोळीचा मधला तुकडा तिले दे. मी ताट उचललं तर हातातून काढून घ्यायची. बाहेरचा कोणी बघता तर म्हणता, काय भाग्यवान लेक आहे. आणि मी त्या ओरड्यासाठी झुरत होते. चिडली की माय रंजूला "रांडीचे" म्हणते, आमच्याकडे प्रेमानंही म्हणतात. मला ते कोणी म्हणून किती वर्षं झाली.

मग रंजूची रोवणीची पाळी आली. आमच्याकडे बाया एकमेकींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवायला जातात; आज तुझं, उद्या माझं, चुकवता येत नाही. रंजू सकाळी निघताना घुटमळली. मी म्हटलं, जा, मी आहे ना. भाऊ राईस मिलला गेला. घरात मी आणि माय, किती वर्षांनी दोघीच. मी मनातून इतकी खूश होते की काय सांगू.

मायनं चहा नको म्हटला. मी म्हटलं, बरं. मग पाणी नको म्हटलं. दुपारी भाकर अर्धी खाल्ली, वरण बाजूला सारलं. "तहान नाही वं, गार हाये हवा." मी नर्स आहे. कोरडे ओठ मला कळतात. दुपार कलली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पाणी पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं की जावं लागेल, आणि जावं लागलं तर मला सांगावं लागेल. मी जवळ बसून विचारलं, "माय, जायचं का?" ती म्हणाली, "नाही, नाही, तू बस. टीव्ही पाय."

संध्याकाळी फाटक वाजलं. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली रंजू आत पाय टाकते न टाकते तोच मायचा टाहो, "रंजू, लवकर ये वं, नाही तं इथंच होते!" रंजूनं पायही धुतले नाहीत. काखेत हात घालून तिला उचलली आणि घेऊन गेली. अंगणात चिखलाच्या पावलांची ओळ राहिली, त्यात माझं पाऊल नव्हतं.

ती परत आल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "दिवसभर परक्या मायांना नेते मी तिकडं. त्यांचं सगळं करते. तुलाच काऊन माझा हात नको?" 'का'ऐवजी आमच्या झाडीपट्टीतलं 'काऊन' असं रागातच तोंडात येतं. माय खाटेवर बसून पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तू आता पाहुणी हायेस बाई. पाहुण्याले असं सांगतेत का?"

घासभर अन्न गेलं नाही मला. 'बाई' म्हणाली ती मला, 'वं' नाही.

दुसऱ्या दिवशी रंजूनं निघताना मायसमोर कमरेवर हात ठेवले. "मी दुपारी येऊन नाही राहिली. गटागटा पाणी पे, अन् ताईले हाक मार. काल मूत अडवून बसली, उद्या किडनी जाईल तं मले नाव ठेवतीन लोकं." मायनं लेकरासारखं ऐकलं. रंजूनं जाता जाता मला फक्त एवढंच सांगितलं, "तिले उजव्या काखेत धरा, ताई, डाव्या बाजूनं भीते." मला शिकवते! पण ऐकून घेतलं, कारण मला ते माहीत नव्हतं.

मायनं मला दिवसभरात दोनदा नेऊ दिलं. मान खाली घालून. आणि दोन्ही वेळा खाटेवर परत बसल्यावर म्हणाली, "थँक्यू हं." वॉर्डातल्या बाया हेच म्हणतात. तिथं मी हसून यू आर वेलकम म्हणते. इथं मी तांब्या भरायला उठले. डोरोथीच्या मुलीला निदान कोणी थँक्यू तरी म्हणत नव्हतं.

तिसऱ्यांदा नेलं तेव्हा दिवस मावळत होता. माय आत, दार लोटलेलं, मी बाहेर. आत चिडीचूप. माझ्याशी ती आतून बोलत नाही. इतक्यात फाटक वाजलं, रंजू आली, बांगड्या वाजल्या. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि तोंड उघडणार तोच आतून मायचा आवाज आला, मोकळा, मोठा, माझ्या लहानपणी बोडीवर असायचा तसा.

"आलीस का वं रंजू? गेली का ते आत? पोरगी वाळली पाय ना. गळ्याची हाडं दिसून राहिली. दिवसभर बुढ्यांचं हागणं-मुतणं करते तिकडं, अन् चार दिस मायच्या घरी आली तं इथंबी तेच करू म्हणते. मी कायले तिले घाणीत हात घालाले लावू? इथं तरी बसून खाऊ दे तिले. मले लई जड जाते वं तिले नाही म्हणणं. तिले ताप आला तं तिकडं कोण पाणी देते, सांग बरं. कोणी नाही ना तिले."

मी रंजूकडे बघितलं. तिनं ओठावर बोट ठेवलं होतं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रोजचं हाये हे, ताई. या घरी आली तवापासून ऐकून राहिली मी. बोडीवरबी हेच अन् इथंबी हेच. आज ताईनं काय खाल्लं असंल, ताईले थंडी वाजत असंल." तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती पायावरचा वाळलेला चिखल नखानं काढत म्हणाली, "माह्याबद्दल असं कोणाजवळ बोलत असतीन का ह्या? माह्या माहेरी तं आता बोलणारं कोणीच नाही उरलं."

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती. दाराशी उभं राहून तिनं जे रोज ऐकलं ते माझंच होतं. मला तिचा हात धरावासा वाटला, आणि त्याच क्षणी पुन्हा हेवाही वाटला, कारण ते ऐकलं तर तिनंच होतं ना, मी नाही.

"आयकून राहिली का वं?" आतून आवाज.

रंजूनं मला कोपर मारलं. मी म्हटलं, "हो, माय."

मला वाटलं, आता थँक्यू म्हणेल, किंवा सॉरी, किंवा पुन्हा ते साहेबासमोरचं हसू. मग माय कडाडली, "तू हायेस का रांडीचे! मंग उभी काऊन हायेस थोबाड घेऊन? पाणी संपलं इथलं, बादली आण!"

बादली विहिरीच्या कट्ट्यावर होती. रंजूही सवयीनं वळली होती. मी तिला ढकललं आणि तिच्या आधी धावले.

आता परत लीड्सला आहे. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना हे कळेल, आणि जे तिकडे राहिले त्यांनी रंजूला सांगू नये. इथं मला सगळे प्लीज म्हणतात, वॉर्डात माझ्या हाताचं कौतुक होतं, पण आता मला कोणी घर कुठं म्हणून विचारलं तर मी गावाचं नाव घेते आणि मनात मला ते पत्र्याचं दार दिसतं, ज्याच्याशी उभी राहणारी दुसरीच आहे. परवा कॉल चालू असताना मायला लागली. तिनं सांगितलं नाही, विचारलं नाही, फोन खाटेवर उताणा टाकला आणि रंजूला घेऊन निघून गेली. मला फोनवर नुसते छपराचे पत्रे दिसत होते. लांबून मायचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. काय बोलत असेल ते मला ठाऊक होतं. माझी शिफ्ट सुरू व्हायची होती. मी फोन कानाला लावून तशीच बसून राहिले.